तहहयात अध्यक्ष

काकांवर दीड पान लिहून पाठव, असा ताईंचा मेसेज आला. काका मागच्या महिन्यात गेले. मंडळाची स्मरणिका निघते आहे, पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि खाली 'सहवासातील आठवणी'. "तू त्यांच्याच घरात राहायचास ना? पॉझिटिव्ह लिही हं," असंही पुढे होतं. ताई म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या मराठी मंडळाच्या आत्ताच्या अध्यक्ष. आत्ताच्या म्हणजे गेल्या महिन्यापासूनच्या, कारण काका जिवंत असेपर्यंत ती खुर्ची रिकामी व्हायचा प्रश्नच नव्हता.

दोन रविवार मी कागद पुढ्यात घेऊन बसलो. 'शिस्तप्रिय' असा एक शब्द लिहिला आणि त्यापुढे गाडी जाईना. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही घरच्यांनी शिकवलंय. पण काकांबद्दल खरं बोलायचं आणि चांगलं बोलायचं ही दोन्ही कामं एका पानात मावत नाहीत.

पिस्कॅटवेला, विद्यापीठापासून बसने दहा मिनिटांवर, त्यांचं दुमजली घर होतं. वर काका-काकू, खाली तीन खोल्या आणि बेसमेंट विद्यार्थ्यांना भाड्याने. मी एम.एस.ला आलो तेव्हा बॅग हातात असतानाच त्यांनी मला हॉलमध्ये उभं करून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका काळ्या, सुटाबुटातल्या, टोपी घातलेल्या गृहस्थांचा फोटो होता. हातात माश्या हाकलायची शेपटी. त्याच्या बरंच खाली गणपती, गणपतीच्या खाली घड्याळ. एवढं खाली, की वेळ बघायला वाकावं लागे.

"कोण हे?" मी विचारलं.

"साहेब," काका म्हणाले. "ह्यांच्यापेक्षा वर काही लावायचं नाही. कायदा होता."

कायदा न्यू जर्सीतला नव्हता, मलावीतला होता. मलावी हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा एक चिंचोळा देश. काका मूळचे सांगलीकडचे, साखर कारखान्यातले इंजिनिअर. तिथल्या उसाच्या मळ्यावरच्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली. तेव्हा त्या देशात एकच पक्ष होता आणि एकच राष्ट्राध्यक्ष, तोही तहहयात. त्याचा फोटो दुकानादुकानांत आणि भिंतीवर सगळ्यांत उंच. पुरुषांनी केस वाढवायचे नाहीत, बायकांनी गुडघा दाखवायचा नाही, आणि तोंड तर कोणीच उघडायचं नाही. काकांना हा देश इतका आवडला, की पुढे तो देश स्वतःच बदलला तरी ह्यांनी आपली प्रत जपून ठेवली. बोटीतून आणि विमानातून ती पिस्कॅटवेपर्यंत आणली.

फोटोच्या बरोबर वर, छताला, स्मोक अलार्म होता. हे काकांना सहन होत नसे. त्यांनी तो काढून सोफ्याखाली ठेवला, आणि भाड्याच्या घरांची तपासणी करायला आलेल्या टाउनशिपच्या बाईने तो तिथून शोधून काढला. बाई गोरी, सहा फुटी, कंबरेवर हात. काकांनी तिला मलावीचा कायदा समजावून सांगायला सुरुवात केली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एका आठवड्याची मुदत दिली. अलार्म परत छताला गेला. आता फोटो खाली घेतात की काय, असं आम्हाला वाटलं. काकांनी दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं, "छत भिंतीत मोजत नाहीत."

हा त्यांचा स्वभाव. नियम मोडायचा नाही, नियमात कुठे मोजायचं ते ठरवायचं.

घराचीही त्यांनी घटना केली होती. फ्रिजवर कागद लावलेला, वर ठळक अक्षरांत 'घटना'. अंघोळ सात मिनिटं, कांदा-लसूण शिजवताना खिडकी उघडी, पाहुणा एकच आणि तोही आधी कळवून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाडेकरूंची सभा. ठराव काका मांडायचे, अनुमोदन काका द्यायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. हात वर करायचे नाहीत. "हात वर केले की कोणी केले नाहीत ते दिसतं. उगाच मनं दुखावतात," असं ते म्हणत. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या सात मिनिटांची पाच झालेली असायची.

कारण त्यांच्या खिशात कायम व्हाइटनरची बाटली असे. इथल्या व्हाइटनरला दम नाही म्हणून काकू भारतात गेल्या की डझनभर बाटल्या आणायच्या. ह्या बाटलीने काकांनी काय काय पुसलं असेल देव जाणे. दुधाच्या कॅनवरचं माझं नाव. काकूंच्या वहीतलं मिठाचं प्रमाण. मंडळाच्या जुन्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत दोन पांढरे ठिपके होते. ते पूर्वीचे चिटणीस आणि खजिनदार, त्यांनी कधीतरी काकांना उलट उत्तर दिलं होतं. आम्ही पोरं त्या फोटोला 'भुतांचा फोटो' म्हणायचो, आणि काकांना पाठीमागे 'तहहयात'.

मंडळाच्या मूळ घटनेत अध्यक्षाला दोनच मुदती होत्या. काकांची सहावी चालू होती. 'संस्थेच्या हितासाठी अपवाद करता येईल' अशी ओळ मध्ये घुसली होती, जरा जाडसर, कारण तिच्याखाली पांढरा थर होता. निवडणूक दर दोन वर्षांनी व्हायची, नाटक संपल्यावर, जेवणाआधी. कोणीतरी म्हणायचं, "काकांशिवाय आहे कोण?" मग टाळ्यांचा गजर. पन्नास मैलांवरून थंडीत गाडी मारत आलेल्या, हुशार, पगारदार माणसांना दोन मिनिटांत बटाटेवडे दिसत असतात. मी आलो त्या वर्षीच्या गजरात मीही होतो.

मी एम.एस.च्या दुसऱ्या वर्षात असताना बेसमेंटमध्ये चिकोंडी आली. मातीवर पीएच.डी. करत होती आणि मलावीचीच होती. ते ऐकल्याबरोबर काकांनी तिला खोली दिली. आपली जुनी प्रजा परत आली, असाच त्यांचा आनंद होता. त्यांना तिच्या भाषेतली फक्त आज्ञार्थी क्रियापदं येत. ये, जा, उचल, बंद कर. काकूंना मात्र भाषा येत होती, अख्खी, बाजारातल्या बायकांकडून शिकलेली. चिकोंडीने पहिल्या दिवशी काकूंना काहीतरी विचारलं आणि काकू अशा खळखळून बोलायला लागल्या, की आम्ही सगळे हातातलं काम सोडून बघत राहिलो. काकांच्या समोर मराठीत त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात चिकोंडी आणि काका हमखास भिडायचे. बोलणं इंग्रजीत.

"साहेबांच्या काळात रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नसे," काका म्हणायचे.

"कपटा दिसत नसे, कारण कागदावर काही लिहायची कोणाची छाती नव्हती. माझे आजोबा तीन वर्षं तुरुंगात होते."

"काहीतरी केलं असेल."

"हो. हसले होते," चिकोंडी म्हणायची, आणि मक्याच्या पिठाचा गोळा घोटत राहायची.

काकांचा हुकमी एक्का वेगळाच होता. पूर्वी तिथे एका राष्ट्राध्यक्षाने तिसऱ्यांदा उभं राहता यावं म्हणून घटना बदलायला काढली, तर तिथल्या खासदारांनी बदलू दिली नाही. हे चिकोंडी अभिमानाने सांगायची. मग काका तो एक्का टाकायचे. "अगं, पण परवापरवा तुमच्याकडे निवडणुकीच्या निकालपत्रांवर व्हाइटनर सापडला ना? व्हाइटनर! राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत! म्हणे अर्ध्याहून एक मत जास्त पाहिजे. मोजता कुणाला येतंय तिथं?" आणि खो खो हसायचे. हसताना खिशातली बाटली वाजायची, ती त्यांना ऐकू येत नसे.

"सापडला," चिकोंडी म्हणायची. "आणि कोर्टाने अख्खी निवडणूक रद्द केली. न्यायाधीश बुलेटप्रूफ जाकिटं घालून कोर्टात आले होते. माझा भाऊ कितीतरी महिने मोर्चात चालला. पुन्हा मतदान झालं आणि खुर्चीवरचा माणूस हरला. निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, हेही त्याच निकालात कोर्टानेच सांगितलं. ही अर्धी गोष्ट तुम्ही दर वेळी विसरता, बांबो."

बांबो म्हणजे वडीलधारे. एवढं झालं तरी ती त्यांना बांबोच म्हणायची, हे मला तेव्हा उगाच वाटायचं.

एकदा काका बाहेर गेले असताना काकू भांडी पुसता पुसता मला म्हणाल्या, "एकच पक्ष पाहिजे का अनेक, असं तिथं लोकांना विचारलं तेव्हा आम्ही तिथंच होतो रे. निकाल लागला तर लोक रस्त्यात नाचत होते. ह्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या." मग त्यांनी फ्रिजवरच्या घटनेकडे बघितलं आणि कपाट बंद केलं.

पुढच्या वर्षी ताई अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. ताई नागपूरच्या, इथे एका औषध कंपनीत आयटीत. त्यांची मुलगी तेव्हा सहावीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मंडळाने रविवारची मराठी शाळा काढावी. ही मागणी त्या चार वर्षं करत होत्या आणि काका चार वर्षं टाळ्यांच्या गजरात ती पुढे ढकलत होते. मला खाजगीत म्हणाले होते, "शाळा काढली की पालक येतात. पालक आले की सभेत बोलायला लागतात." ताईंनी चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान मागितलं. मूळ घटनेत ते होतं, आणि तेवढ्या ओळीवर व्हाइटनर फिरवायचं काका विसरले होते.

निवडणूक अधिकारी म्हणून त्यांनी मला नेमलं.

"पण काका, मी तुमच्या घरात राहतो."

"म्हणूनच तू न्यूट्रल आहेस. तुझं इथं दुसरं कोण आहे?"

आणि खरंच कोणी नव्हतं. माझं शिक्षण संपलं होतं. नंतर नोकरी करायची परवानगी असते, पण नोकरीविना सगळे मिळून नव्वदच दिवस राहता येतं, नाहीतर परतीचं विमान. माझे एकाहत्तर दिवस उडाले होते. घरी आईने शेजारणींना पेढे वाटून झाले होते. काकांच्या साडूंची ओहायोत, डब्लिनला, छोटी आयटी कंपनी होती आणि त्यांना माणसं हवी होती. काका आठवडाभर म्हणत होते, "करतो फोन. निवडणूक एकदा पार पडू दे."

चिकोंडीला हे कळलं तेव्हा ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तू त्यांच्या घरात राहतोस, त्यांच्याकडून नोकरी घेणार, आणि त्यांची मतं तू मोजणार?" मी म्हटलं, "छोटं मंडळ आहे. मजा असते सगळी." ती म्हणाली, "आमच्याकडेही साहेब असाच मजेत निवडून यायचा."

कार्यक्रम संक्रांतीचा, एका शाळेच्या कॅफेटेरियात. अठ्ठ्याऐंशी चिठ्ठ्या पडल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मोजणी मागच्या संगीताच्या खोलीत. ताईंकडे हळदीकुंकवाची व्यवस्था दिली होती, काकांनीच. उमेदवाराने मोजणीला थांबायचं नसतं, असं मी म्हटलं. "मी उमेदवार म्हणून थांबलेलो नाही. अध्यक्ष म्हणून थांबलोय," काका म्हणाले. छत भिंतीत मोजत नाहीत, तसंच हे.

मी दोनदा मोजलं. ताई सत्तेचाळीस, काका एक्केचाळीस. बॉलपेनने, इंग्रजी आकड्यांत, दोघांच्या नावांपुढे लिहिलं आणि खाली सही केली.

काकांनी कागद वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. खुर्चीचा हात मात्र त्यांनी घट्ट धरला होता, आणि एक क्षण मला ते नुसते म्हातारे दिसले. मग ते म्हणाले, "तुझं अक्षर घाईचं आहे. आकडे एकदा नीट बघून घे. उद्या साडूंचा फोन येईल तुला." बाटली टेबलावर ठेवली आणि ते खिडकीशी जाऊन पार्किंगमधल्या गाड्या बघत उभे राहिले. पुढे कधी कोणी विचारलं असतं, तर त्यांनी कशालाही हात लावलेला नव्हता.

इंग्रजी एकाचा सात करायला एक आडवी रेघ पुरते. साताचा एक करायला मात्र तीच रेघ पुसावी लागते. मी पुसली. मग काकांच्या एकावर दुसरी ओढली. काकांना मी एवढी वर्षं हसत होतो, त्या हसण्याचं काय झालं, कोण जाणे. एकोणीस दिवस उरले होते, एवढंच डोक्यात होतं.

निकाल जाहीर झाला. टाळ्यांचा गजर झाला. ताईंनी स्वतः येऊन काकांना तिळगूळ दिला आणि वाकून नमस्कार केला. कागद नोटीस बोर्डावर टाचला गेला, आणि लोक वड्यांच्या रांगेत गेले. एकाही माणसाने तो वाचला नाही.

वाचला तो चिकोंडीने. ती काकूंचे डबे उचलायला मदत म्हणून आली होती. बोर्डासमोर उभी राहून तिने एक बोट त्या आकड्यावर टेकवलं आणि मला दाखवलं. बोटाच्या टोकावर पांढरं. मत दिल्यावर बोटाला शाई लावतात, आमच्याकडे आणि तिच्याकडेही. हिच्या बोटाला मत न देताच लागली होती.

"ओलं आहे अजून," ती हळूच म्हणाली. "त्यांनी केलं की तू?"

"मी."

मला वाटलं आता ती ओरडेल. तिने बोट टिश्यूला पुसलं. "आमच्याकडे हे घेऊन कोर्टात जाता आलं," ती म्हणाली. "ह्या बाई कुठे जाणार?" आणि ती डबे उचलायला गेली. महिनाअखेर तिने खोली सोडली. काकूंच्या गळ्यात पडली, काकांना वाकून 'बांबो' म्हणाली, माझ्याशी नुसता हात मिळवला. काका म्हणाले, "बघ, लोकशाहीत वाढलेली पोरं. कुठे टिकत नाहीत."

साडूंचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. शब्दाला पक्के होते काका. तेव्हापासून मी डब्लिनला आहे. घर घेतलंय, हिरवळ आहे, इथल्या मंडळाचा मी सहचिटणीस आहे. मागच्या निवडणुकीत आम्हीही टाळ्याच वाजवल्या.

तर दोन रविवार वाया घालवून, 'शिस्तप्रिय'च्या पुढे काही न लिहिता, मी काल दुपारी ताईंना फोन केला.

"झालं का रे लिहून?"

"ताई, त्या निवडणुकीच्या निकालाचा कागद असेल का तुमच्याकडे?"

"असणारच. काकांनी फाइली काय टापटीप ठेवल्यात, बाप रे. त्या बाबतीत मानलं पाहिजे त्यांना." कपाट उघडल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा आला. "हं, मिळाला. तुझीच सही आहे बघ. एक्केचाळीस. अरे, मी तर तेव्हा सीरियसली डिप्रेस झाले होते यार. काका काही म्हणोत, पण मोजलं तू होतंस, म्हणून मी मनातून अ‍ॅक्सेप्ट केलं. म्हटलं, लोकांनाच शाळा नकोय तर आपण कशाला मागे लागायचं? काका असेपर्यंत परत उभीच नाही राहिले. शाळा राहिली ती राहिलीच."

"ताई, तुमच्या आकड्यातला तो एक आहे ना, त्याच्यावर नख फिरवा."

"काय?"

"खरवडा जरा."

फोनवर बारीक खरखर ऐकू आली. थांबली. पुन्हा सुरू झाली, सावकाश, आणि मग बंद झाली. मी वाट बघत राहिलो.

"सत्तेचाळीस," ताई म्हणाल्या, मला नव्हे, कागदाला.

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला. आता अकरावीत असेल. "मॉम, हू आर यू टॉकिंग टू?"

"नोबडी, बेटा," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.